कालामाता ते मेलबर्न : सरळ रेषेत

ज्या मनुष्याने चौतीस वर्षे इतरांच्या जमिनींच्या हद्दी बोटबोट मोजून दिल्या, त्याला स्वतःच्या नातवापर्यंतचे अंतर मात्र कोणी धड सांगू नये, यापरता उपमर्द तो कोणता? ग्रीसमधल्या कालामाता या गावच्या भूमापन कचेरीतून सन्मानपूर्वक निवृत्त झालेले अगिसिलाओस लांब्रोपुलोस हा प्रश्न गेले तीन आठवडे बंदरावरच्या कॉफीच्या दुकानात रोज सकाळी उपस्थित करीत होते, आणि दुकानातली मंडळी त्याचे रोज निराळे उत्तर देत होती.

प्रश्नाच्या मुळाशी एक नाव होते. लांब्रोपुलोसांच्या कुळात पाच पिढ्यांची शिस्त होती : अगिसिलाओसच्या पोटी थ्रासिवुलोस, थ्रासिवुलोसच्या पोटी अगिसिलाओस. पहिल्या नातवाला बापाच्या बापाचे नाव द्यावे, हा रिवाज तिथे घरोघरी पाळला जातो; पण लांब्रोपुलोसांच्या घरी तो ऋतुचक्रासारखा चालत आला होता. सांप्रतचा थ्रासिवुलोस मेलबर्नला जाऊन स्थायिक झाला होता. तिथे त्याला ‘टेरी’ म्हणत. हा अपमान अगिसिलाओसांनी निळकंठाने हलाहल गिळावे तसा गिळला होता. आता त्या टेरीला मुलगा झाला होता. बाप्तिस्मा होईपर्यंत बाळाला नाव नसते, ते नुसते ‘बाळ’ असते. पाद्रीपुढे धर्मपिता जे नाव उच्चारील तेच जन्मभराचे. आणि ती घटिका समीप आली होती.

“बाबा, ऑक्टोबरचा पहिला रविवार ठरलाय. दुपारी दोनला,” मुलगा फोनवर म्हणाला.

“आणि नाव?”

“नावाचं काय बाबा... ते धर्मपिता बघेल. देस्पिनाचे वडीलही आहेतच ना इथं. आणि खरं सांगू का, इथं शाळेत पोरं फार चिडवतात. अगिसिलाओस म्हणजे जरा लांबलचक होतं.”

“लांबलचक? पृथ्वीच्या पार टोकाला जाताना तुला लांबी आठवली नाही, आणि सहा अक्षरं लांब वाटतात?”

त्यांनी फोन ठेवला, आणि पत्नीला म्हणाले, “पोलिक्सेनी, बॅगा काढ. तो याकोवोस आपलं नाव पुढं सरकवतोय.”

याकोवोस म्हणजे सून देस्पिनाचे वडील, त्यांचे व्याही, मेलबर्नमधील एका मासळीच्या दुकानाचे मालक. त्यांना अगिसिलाओसांनी लग्नात एकदाच पाहिले होते. पण अतिक्रमण करणारा शेजारी ओळखायला एकदा पाहणे पुरते, असा त्यांचा चौतीस वर्षांचा अनुभव होता.

एवढ्याने प्रवासास निघता आले असते. परंतु अगिसिलाओस विनामोजणी कोठेही निघणारे गृहस्थ नव्हते. मेलबर्न किती दूर आहे आणि तिथे पोहोचायला किती तास लागतात, हे प्रथम निश्चित व्हायला हवे होते.

“आठ हजार,” कॉफीचा घोट घेत कॅप्टन स्तेलिओस म्हणाले. ते मालवाहू जहाजांवरून निवृत्त झाले होते. “तीनदा गेलोय मी. अठ्ठावीस दिवस.”

“कॅप्टन, पंधरा हजार आहे. मी नकाशावर पाहिलंय.”

“तुमची पंधरा हजार किलोमीटरं, मोजणीसाहेब. आमचे सागरी मैल आठ हजार. आमच्या मापानं गेलात तर निम्म्यात पोचाल!”

सगळे दुकान हसले. अगिसिलाओसांनी अर्धी कॉफी तशीच टाकली, आणि अर्धी कॉफी टाकून उठणे म्हणजे काय हे त्या गावात सर्वांना समजते.

घरी त्यांनी पृथ्वीचा गोल काढला आणि पोलिक्सेनीच्या विणकामाच्या दोऱ्याने दोन नगरांमधील अंतर मोजायला आरंभ केला. पहिल्या खेपेस चौदा हजार दोनशे आले. दुसऱ्या खेपेस पंधरा हजार तीनशे.

“दोरा ओढू नकोस रे,” पोलिक्सेनी म्हणाली. “टेबलावरच्या रुमालाचा आहे तो. ताणला की लांब होणारच.”

“मग तूच सांग, या घरात न ताणणारी एक तरी वस्तू आहे का?”

“मी आहे,” ती म्हणाली आणि वांगी तळायला गेली.

तळमजल्यावरच्या एव्हांथियाबाई त्याच संध्याकाळी वर आल्या, कारण पलीकडच्या गल्लीतल्या कोणाचा भाचा मेलबर्नला जाऊन आला होता. “दोन दिवस लागतात हो पुरते! पाय असे सुजतात, भोपळे! विमानात बूट काढायचे नाहीत, काढले की परत चढत नाहीत. तो बिचारा उतरला तो मोज्यांवर.” अगिसिलाओसांनी आपल्या चाळीस वर्षे जुन्या, पॉलिश केलेल्या बुटांकडे पाहिले, आणि या विषयावर त्यांच्याशी अधिक चर्चा केली नाही.

तिकिटाच्या कचेरीतल्या रूलाने तर कहरच केला. त्यांनी तिला अत्यंत सभ्यपणे विचारले होते : बाई, अंतर किती?

“अंतराचं काय करायचंय, साहेब?” पडद्यावरून नजर न काढता ती म्हणाली. “तुम्ही बसून जाणार ना? चालायचं थोडंच आहे?”

“मला माहिती हवी आहे.”

“एकवीस तास. मध्ये आखातात एक थांबा.”

“थांबा? म्हणजे वाकडी वाट?” ते तडक घरी आले आणि पुन्हा दोरा लावला. दुर्दैवाने ते आखाती शहर सरळ रेषेच्या अगदी जवळच निघाले, त्यामुळे तक्रारीला जागाच राहिली नाही. आणि त्या गोष्टीचा त्यांना सर्वाधिक संताप आला.

पारपत्राच्या छायाचित्राने त्यात भर घातली. छायाचित्रात मुद्रा शांत हवी, ओठ मिटलेले हवेत, कपाळावर आठी नको, असा शासकीय दंडक होता. यंत्राने त्यांची चार छायाचित्रे नाकारली.

“काका, फक्त दोन सेकंद,” छायाचित्रकार काकुळतीला येऊन म्हणाला, “दोन सेकंद कशाचंच वाईट वाटून घेऊ नका.”

“मला कशाचंही वाईट वाटलेलं नाही!” अगिसिलाओस गरजले. पाचवे छायाचित्रही गेले. सहावे यंत्राने घेतले ते त्यांना शिंक येण्याच्या क्षणी; आणि सरकारदरबारी त्यांची शांत मुद्रा म्हणून शिंकेच्या उंबरठ्यावरचा एक मनुष्य कायमचा नोंदला गेला.

तिकीट हाती आले, तेव्हा मात्र रूलाचे पितळ उघडे पाडण्याची संधी त्यांना लाभली. विमान अथेन्सहून शनिवारी सकाळी सहा पन्नासला सुटणार होते आणि मेलबर्नला रविवारी अकरा पन्नासला पोहोचणार होते.

“चूक,” ते म्हणाले, आणि त्यांच्या स्वरात तीन आठवड्यांत प्रथमच आनंद होता. “सहा पन्नास अधिक एकवीस तास. त्यात मेलबर्नचे सात तास मिळवा. येतात दहा पन्नास. तुमचा एक तास जास्त आहे.”

“साहेब, संगणक काढतो ते.”

“संगणकाला सूर्य दिसतो का? मेलबर्न आणि आपल्यात सात तासांचा फरक आहे. गेली दहा वर्षं मी उन्हाळाभर मुलाला त्या हिशोबानं फोन करतोय.”

त्यांच्या मागे रांगेत सहा माणसे खोळंबली होती. “बरं, दहा पन्नास तर दहा पन्नास. तुमचंच बरोबर,” ती म्हणाली.

एखाद्या अधिकाऱ्याने चूक कबूल करावी, हे सुख अगिसिलाओसांनी स्वतः अधिकारी असतानाही कधी अनुभवले नव्हते. त्यांनी मुलाला कळवले : दहा पन्नासला उतरतो, न्यायला येऊ नये, यजमानाने चर्च सोडू नये, ज्याने अवघा मेसिनिया प्रांत मोजला त्याला एक चर्च सापडेल. दहा पन्नास ते दोन, म्हणजे तीन तासांहून अधिक अवकाश. शिवाय ग्रीक माणसांनी दोनचे निमंत्रण दिले म्हणजे पावणेतीनच्या आत मेणबत्तीही पेटत नाही, हा त्यांच्या मते निसर्गनियम होता. सारांश, चार तास हाती होते.

यथाकाल विमान उडाले. एव्हांथियाबाईंचा सल्ला आपण मानला नाही असे त्यांनी जगाला भासवले. पण त्यांनी बूट एकवीस तास काढले नाहीत, हे पोलिक्सेनीने पाहिले. मेलबर्न आले, तेव्हा विमानात घोषणा झाली.

“नोंद घे,” पोलिक्सेनी म्हणाली. “बारा वाजायला दहा कमी, असं सांगतायत.”

“रूलानं यांनाही चुकीचं सांगितलंय,” ते म्हणाले, आणि आपले मनगटी घड्याळ दहा पन्नासला लावून किल्ली दिली. विमानतळाच्या भिंतीवरचे घड्याळही एक तास पुढे होते. दुसऱ्या भिंतीवरचेही. एका संपूर्ण देशाची घड्याळे इतकी बेफिकीर असावीत, हे पाहून त्यांनी विषादाने मान हलवली. मोबाइल फोन पोलिक्सेनीने सामानात तळाशी, मोज्यांत गुंडाळून ठेवला होता. त्यावर एव्हाना मुलाचे अकरा फोन येऊन गेले होते.

आणि मग आला तेलाचा डबा. बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाच्या अंगाला तेल लावतात. ते तेल आपल्याच ऑलिव्हच्या झाडांचे असावे म्हणून अगिसिलाओसांनी पाच लिटरचा डबा झाळून घेतला होता. प्रवेशाच्या कागदावर प्रश्न होता : आपल्याजवळ खाद्यपदार्थ आहेत काय? त्यांनी स्वच्छ अक्षरात ‘नाही’ लिहिले होते. बाळाच्या अभ्यंगाचे तेल म्हणजे काय कोशिंबिरीचे तेल आहे? परंतु तपासणी करणाऱ्या कुत्र्याची धर्मशास्त्रावर अशी श्रद्धा नव्हती. तो बॅगेपाशी येऊन बसला आणि उठेना.

बॅग उघडली. तेल निघाले, त्याखाली सुकी अंजिरे निघाली, ओरेगानोच्या जुड्या निघाल्या, आणि फडक्यात बांधलेले अर्धा किलो चीज निघाले.

“हे काय?” अगिसिलाओसांनी पत्नीकडे पाहिले.

“पोराला तिथलं चीज आवडत नाही,” पोलिक्सेनी शांतपणे म्हणाली. “तुला सांगितलं असतं तर तू कागदावर लिहिलं असतंस.”

तपासणी अधिकारी तरुण आणि अत्यंत विनयशील होता, आणि तेच अधिक झोंबणारे होते. त्याने फोनवर दुभाषी बाई बोलावली. तिच्या तोंडून त्याने कळवले की तेल जाऊ शकेल, अंजिरे व चीज जाऊ शकणार नाहीत, आणि पुढच्या वेळी कागदावर खरे लिहावे.

“खरे लिहावे?” अगिसिलाओसांची कानशिले तापली. “त्यांना विचारा, यांच्या धर्मात तेल खातात का लावतात?”

“तो म्हणतो, दोन्ही,” दुभाषी बाई म्हणाली.

आता शहाण्याने येथे मान लववून पुढे चालावे. पण घड्याळात बारालाही वीस कमी होते, अवकाश विपुल होता, आणि सत्याचा प्रश्न होता. त्यांनी तक्रार नोंदवण्याचा अर्ज मागवला. तो त्यांनी ग्रीक भाषेत, दोन्ही बाजूंनी, समास सोडून लिहिला. त्यात पवित्र तेलाची व्याख्या दिली, आपला सेवाकाल दिला, आणि कुत्र्याच्या वर्तनाविषयी स्वतंत्र परिच्छेद घातला. अधिकाऱ्याने त्यांना बसायला खुर्ची दिली. पोलिक्सेनीने खुर्चीशेजारी उभ्या उभ्या, कोणी पाहत नाही असे बघून, चार अंजिरे खाऊन टाकली.

टॅक्सीचा चालक ग्रीकच, कोझानीकडचा निघाला. मेलबर्नला पन्नास वर्षे राहिलेला. “बाप्तिस्म्याला का? किती वाजता?”

“दोनला. आहेत अजून बत्तीस मिनिटं,” अगिसिलाओस ऐटीत म्हणाले.

चालकाने आरशातून पाहिले. “काका, अडीच व्हायला आले.”

“तुझंही घड्याळ...?”

“अहो, काल रात्री इथं घड्याळं एक तास पुढं केली. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी दरवर्षी करतात. तुमच्याकडं कसं, महिनाअखेरीला मागं करता, तसं.”

चौतीस वर्षांत ज्यांची एकही मोजणी न्यायालयात फिरवली गेली नव्हती, त्यांची मोजणी एका रात्रीत एका देशाने, त्यांना न विचारता, फिरवली होती. शनिवारी जे सात तास होते ते रविवारी आठ झाले होते.

“न कळवता?” ते अखेर म्हणाले. “वाटेत माणसं असताना?”

“तिकिटावर होतं की,” पोलिक्सेनी म्हणाली.

चर्चपाशी टॅक्सी थांबली तेव्हा खरे तीन वाजायला वीस कमी होते. अगिसिलाओस सामान, पत्नी आणि तेल मागे सोडून पायऱ्या चढले. आतून मंत्रघोष ऐकू येत होता. धूप, मेणबत्त्या, माणसांची दाटी, आणि दाटीपलीकडे पाद्रीच्या हातांत, पात्रावर अधांतरी धरलेले, उघडे, गुलाबी, आकांत करणारे बाळ. पाद्रीने धर्मपित्याकडे वळून विचारले, “नाव?” धर्मपिता म्हणजे इथेच वाढलेला एक पोरसवदा तरुण, त्या गंभीर क्षणी तो गोंधळला, त्याने ओठ उघडले आणि घसा खाकरला.

ही ती घटिका. या एका घशाच्या खाकरण्यात याकोवोस जिंकणार होता.

“अगिसिलाओस!” दारातून गर्जना झाली.

घुमटाने ती घेतली आणि चारही भिंतींना वाटून दिली. पाद्री वृद्ध होते आणि कानांनी मंद होते; कित्येक वर्षांत प्रथमच त्यांना एक नाव स्वच्छ ऐकू आले होते. त्यांनी प्रसन्न होऊन बाळाला पाण्यात बुडवले. “देवाचा सेवक अगिसिलाओस याचा बाप्तिस्मा होत आहे!” एकदा, दोनदा, तीनदा.

अगिसिलाओसांचे डोळे पाणावले. त्या धूसर आनंदातून त्यांनी सुनेकडे पाहिले, तर ती त्यांची सून नव्हती. शेजारचा तरुण टेरी नव्हता. ही सारी अनोळखी माणसे भयचकित होऊन त्यांच्याकडे पाहत होती, आणि पुढच्या बाकावरून रुंद खांद्यांचा एक म्हातारा सावकाश उठत होता.

“बाबा!” मागून, अंगणाच्या दारातून टेरी आला. त्याच्या मागे देस्पिना, तिच्या कडेवर एक कोरडे, निवांत झोपलेले बाळ. “बाबा, हे काय केलंत? आपली पाळी अजून आलीच नाही. तुमच्यासाठी थांबलो आम्ही. या लोकांना म्हटलं, तुम्ही आधी घ्या, आमचे आजोबा येतायत.”

व्याही याकोवोसही आले आणि त्यांनी मनापासून त्यांना मिठी मारली. “अहो, घाई कशाला केलीत? मी सकाळीच धर्मपित्याला बजावलं होतं. इतक्या लांबून व्याही येतायत, नाव त्यांचंच लागलं पाहिजे. दुसरं नाव घेशील तर मासळी बंद करीन म्हटलं तुझी.”

पृथ्वीच्या पाठीवर पंधरा हजार किलोमीटर ज्या शत्रूशी झुंजत आलो, तो शत्रू नव्हताच, हे कळण्यासारखी दुसरी मानहानी नाही. पण ती भोगायला त्यांना वेळ मिळाला नाही. रुंद खांद्यांचा म्हातारा समोर येऊन उभा राहिला होता.

“मी फोतिस,” तो म्हणाला. “आपल्याच ग्रीसमधल्या कावालाहून आलोय. तीन विमानं बदलून. दोन दिवस आधी आलोय, घड्याळाचं माहीत होतं म्हणून. त्या पोराचं नाव फोतिस ठेवायचं होतं. माझं नाव.” त्याने पाण्याच्या पात्राकडे बोट दाखवले. “कुठंय माझं नाव?”

“फादर,” बाळाची आई रडवेली झाली, “परत करता येईल ना?”

“पोरी, पाण्यात पडलेलं नाव परत निघत नाही,” पाद्री म्हणाले. “चांगलं आहे नाव. जुनं आहे.”

“जुनं म्हणजे, आम्ही म्हणायचं कसं ते?” मुलाचा बाप ओरडला. बाळाच्या धर्मपित्याने तीन प्रयत्न केले आणि तिसऱ्यात त्याची जीभ दातांखाली आली.

सगळ्यांच्या नजरा अगिसिलाओसांवर खिळल्या. आयुष्यभर त्यांनी संतापलेल्या माणसांच्या मध्ये उभे राहून न्याय सांगितला होता; एरवी त्यांत सर्वांत संतापलेला मनुष्य बहुधा तेच असत, आज ते नव्हते, एवढाच फरक होता. त्यांनी फोतिसच्या चेहऱ्याकडे पाहिले. तिथे त्यांना आपलीच तीन आठवड्यांची उडालेली झोप दिसली. मग त्यांनी कोट नीट केला.

“अतिक्रमणाचा नियम सरळ आहे,” ते संथपणे म्हणाले. “ज्यानं दुसऱ्याची जमीन दाबली, त्यानं आपली तेवढीच जमीन त्याला सोडावी. हा निवाडा मी शेकडो लोकांना दिलाय. माझ्या नातवाचं नाव अजून लागायचं आहे.” ते टेरीकडे वळले. “त्याचं नाव फोतिस ठेवा.”

टेरी आणि देस्पिना यांनी एकमेकांकडे पाहिले. वास्तविक मुलाने अशा वेळी निदान एकदा तरी ‘नको बाबा’ म्हणावे, असा शिष्टाचार आहे.

“फोतिस!” टेरी म्हणाला. “किती छान! छोटंसं!”

“शाळेत पण सोपं जाईल,” देस्पिना इतक्या तत्परतेने म्हणाली की याकोवोसांनी तिला कोपराने ढोसले.

तीन वाजता दुसरे बाळ पाण्यात उतरले. त्याला कालामातेचे तेल लागले. आणि डबा मोठा असल्याने, पोलिक्सेनीच्या सांगण्यावरून, पहिल्या बाळाला लागलेल्या तेलावरही त्याचा एक हात फिरला. अगिसिलाओस खांबाशी ताठ उभे होते. ‘देवाचा सेवक फोतिस’ असे तीनदा ऐकताना त्यांनी तीनही वेळा डोळे मिटले.

नंतर अंगणात दोन्ही घरांची माणसे साखरेचे बदाम वाटत एकमेकांत मिसळली. सावलीतल्या बाकाच्या एका टोकाला फोतिस बसला, दुसऱ्या टोकाला अगिसिलाओस. मध्ये एका माणसाची जागा दोघांनीही मोकळी ठेवली होती. मग पलीकडच्या झाडाखालून, आईच्या खांद्यावरून, पहिल्या बाळाने असा टाहो फोडला की कबुतरे उडाली.

“तुमचा अगिसिलाओस रडतोय,” फोतिस म्हणाला.

“माझा कशाला? नातू तुमचा.”

“नाव तुमचं ना! आमच्यात कोणी असं रडत नाही. तुमचा तो छोटा फोतिस बघा, कसा गप्प आहे. गुणी पोर.”

अगिसिलाओस उठले. ते झाडाखाली गेले, त्या अनोळखी मुलीने त्यांच्या हातात ते लालबुंद, मुठी वळलेले बाळ विनातक्रार दिले, कारण ती थकली होती. त्यांनी बाळाकडे पाहिले. मग त्याला उराशी धरून ते बाकापाशी परत आले, आणि तीन आठवड्यांत कोणी ऐकला नव्हता इतक्या करारी स्वरात म्हणाले :

“रडत नाहीये तो. या नावाचा माणूस रडत नसतो. तो तक्रार नोंदवतोय.”